लेख चांगला, पण उघडत कोणीच नाही: शीर्षकातला बिघाड कसा शोधायचा

पुण्यात सगळ्यात जास्त वाचलं जाणारं शीर्षक कुठलं, असं कोणी विचारलं तर मी लगेच सांगेन: ‘गुरुवारी पाणी येणार नाही’. चारच शब्द, पण ते वाचून जागचा हलला नाही असा माणूस मी पाहिलेला नाही. बुधवारी रात्री पिंपं, बादल्या, घरातली मोठी पातेली, सगळं काठोकाठ भरलेलं असतं.

आता त्याच आठवड्यातली माझी कथा. पेशव्यांच्या काळात, नानासाहेबांच्या कारकिर्दीत, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं होतं. त्या नळाला वाटेत उच्छ्वास ठेवलेले असत, म्हणजे हवा खेळावी आणि आत उतरता यावं म्हणून बांधलेली दगडी तोंडं. ती कुठे कुठे उरलीत हे बघत तीन रविवार पायपीट केली, आठवडाभर रात्री जागून लेख लिहिला, आणि त्याला नाव दिलं: ‘पेशवेकालीन जलव्यवस्थापन : एक दृष्टिक्षेप’. सोसायटीच्या ग्रुपवर लिंक टाकली. दोन अंगठे आले, एक नमस्कार आला. संध्याकाळी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. म्हणाल्या, “पाहिलं हं तुझं. वाचते सवडीने.” ‘सवडीने’चा अर्थ पुण्यात वेगळा सांगावा लागत नाही.

विषय दोन्हीकडे पाणीच. ग्रुप तोच, माणसं तीच. मग मी काय केलं, जे सगळेच करतात: शीर्षक बदललं. एका लेखापुरता फरक पडला. पुढच्या लेखाला पुन्हा तेच. पुन्हा बदललं, पुन्हा तेच. हा बिघाड वर्षभर माझ्या मागे होता, म्हणून ही तपासणी लिहून ठेवते आहे. ज्यांचं लेखन मुळातच बरं आहे पण वाचकापर्यंत पोचत नाही, त्यांच्यासाठी. लेखच कंटाळवाणा असेल तर पुढचं काही उपयोगाचं नाही.

आधी शीर्षकाला निर्दोष मानून चला

नळाला पाणी आलं नाही की प्लंबर आधी तोटी खोलत नाही, टाकीत पाणी आहे का बघतो. इथेही तसंच. शीर्षकाचा दोष असेल तर लेख लोकांना दिसतो, पण ते उघडत नाहीत. लेख दिसतच नसेल तर शीर्षक कितीही घासूनपुसून घ्या, उपयोग नाही.

लेख तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असेल तर गूगलचं सर्च कन्सोल फुकट मिळतं. त्यात प्रत्येक पानापुढे दोन आकडे बघा: शोधाच्या निकालात ते किती वेळा दिसलं आणि किती वेळा उघडलं गेलं. सोबत सरासरी क्रमांकही असतो. क्रमांक तिसाच्या पुढे असेल तर तिथवर कोणी जात नाही; शीर्षकाला उगाच दोष देऊ नका. पहिल्या पानावर आहे, रोज दिसतं आहे, तरी कोणी हात लावत नाही, तेव्हा संशयित सापडला. लोक उघडतात आणि लगेच मागे फिरतात, हा प्रकार वेगळा, त्याच्याकडे पुढे येते. या अहवालात १६ महिन्यांपर्यंतची माहिती असते, त्यामुळे जुने लेखही तपासता येतात. मी तपासले. लाज वाटली.

एक अडचण इथे मराठीची म्हणून येते. ‘जलव्यवस्थापन’ हा शब्द शोधाच्या चौकटीत कोण लिहितं? ‘कात्रज तलाव’ लिहितात, ‘शनिवारवाडा पाणी’ लिहितात, आणि पुष्कळ जण हेच शब्द रोमन लिपीत टाइप करतात. शीर्षकात आपण विद्वत्तेचा शब्द घालतो, शोधणारा घरातला शब्द घालतो, आणि दोघांची गाठ पडत नाही. तेव्हा लेख न दिसण्यातही कधीकधी शीर्षकाचा हात असतो. फक्त तो लोकांना न आवडण्याचा प्रश्न नसतो, न सापडण्याचा असतो.

ग्रुपवर टाकलेल्या लिंकचं काय? तिथे बहुतेक वेळा मोजायची सोय नसते, आणि असली तरी आकडे इतके लहान की त्यांच्यावरून सिद्धांत काढणं धोक्याचं. समजा ग्रुपात १५० जण आहेत. एक शीर्षक १२ जणांनी उघडलं, दुसरं १७ जणांनी. लगेच ‘प्रश्न विचारला की लोक वाचतात’ असं ठरवू नका. त्या संध्याकाळी मॅच नव्हती, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. मी या पाच माणसांच्या फरकावर सहा महिने काढले आहेत.

आधार काढून घेतला की शीर्षक पडतं

हे कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून इथे जरा रेंगाळते.

चांगलं शीर्षक कसं असावं म्हटलं की पुण्यातला प्रत्येक माणूस पुणेरी पाटीकडे बोट दाखवतो. थोडक्यात, टोकदार, वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही अशी. मीही पाट्यांची नक्कल करून पाहिली आणि साफ तोंडघशी पडले. कारण पाटीला दार असतं. ‘येथे वाहने लावू नयेत’ वाचणारा माणूस त्याच दारासमोर स्कूटर घेऊन उभा असतो. ‘येथे’ म्हणजे कुठे, ‘वाहन’ म्हणजे कुणाचं, हे पाटीला सांगावं लागत नाही, तो सगळा अर्थ दार पुरवतं. तीच पाटी काढून दुसऱ्या पेठेतल्या रिकाम्या भिंतीवर लावा, कोणी ढुंकून बघणार नाही.

केसरीचंही तसंच. १८९७ च्या जुलैमध्ये, रँडच्या खुनानंतर पुण्यावर सरकारी दडपशाहीचा वरवंटा फिरत होता, तेव्हा टिळकांच्या अग्रलेखाचं शीर्षक होतं ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हे आजही, कसलाही संदर्भ नसताना, चालतं. कोणाबद्दल आहे ते पहिल्या शब्दात कळतं, लिहिणारा कुठे उभा आहे ते कळतं, आणि ‘डोकं ठिकाणावर असणं’ हा घरातल्या भांडणातला वाक्प्रचार सरकारला लावला की काय होतं हे बघायला माणूस आत शिरतो.

त्याच्या शेजारी ९ जून १९०८ चा अग्रलेख ठेवा: ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. हा लेख आणि १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’, यांच्यावरून राजद्रोहाचा खटला चालला आणि टिळकांना ६ वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे लेख किती धारदार होता ते वेगळं सांगायला नको. पण शीर्षक बघा. ‘हे’ म्हणजे कुठले? त्या वेळच्या वाचकाला ते ठाऊक होतं. तो वर्गणीदार होता, मागचे अंक त्याने वाचलेले होते, गावात तीच चर्चा चालू होती. शीर्षकाला सबंध केसरीचा टेकू होता. हेच चार शब्द आज कोऱ्या लिंकवर टाकून पाठवा. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि गॅसच्या नंबराच्या मध्ये ते दिसतील, आणि वाचणाऱ्याला वाटेल की घरगुती औषधांबद्दल काहीतरी असावं.

तेव्हा पहिली चाचणी अशी: शीर्षकात ‘हे’, ‘ते’, ‘असे’, ‘त्या दिवशी’, ‘पुन्हा एकदा’ यातलं काही आहे का बघा. असेल तर त्याचा टेकू कुठे आहे ते शोधा. टेकू तुमच्या डोक्यात असेल तर शीर्षक मोडलेलं आहे. ‘भाग ३’ हा याच घराण्यातला. मी पाण्यावर मालिका लिहीत होते आणि शीर्षकाच्या सुरुवातीलाच ‘भाग ३’ घालत होते. ज्याने पहिले दोन वाचले नाहीत त्याला मी स्वतःच्या हाताने दारातून परत पाठवत होते. भागाचा आकडा लेखाच्या आत, पहिल्या ओळीत जातो. तिथे तो कोणाला अडवत नाही.

‘एक दृष्टिक्षेप’चा आजार

शाळेच्या निबंधातून आणि जुन्या स्मरणिकांमधून ही शेपटं आपल्या अंगवळणी पडली आहेत. एक दृष्टिक्षेप. एक मागोवा. एक चिंतन. काही विचार. इतिहास आणि वर्तमान. समस्या आणि उपाय. लिहिताना ती भारदस्त वाटतात, पण त्यांच्यामुळे शीर्षक फाइलीवरच्या चिठ्ठीसारखं होतं. चिठ्ठी फाइल परत शोधायला कामाची. फाइल उघडावी असं चिठ्ठी वाचून कोणाला वाटत नाही.

माझं उदाहरण देते. पानशेतवर लिहिलं होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासल्याचं धरणही गेलं, लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या पेठा बुडाल्या. हे पुण्यात घरोघर ऐकलेलं आहे. मी नाव दिलं ‘पानशेत प्रलय : एक स्मरण’. दरवर्षी जुलैत अशा नावाचे पाच-सहा लेख फिरतात, त्यातला माझा कुठला हे मलाही ओळखता आलं नसतं. लेखात मात्र एक गोष्ट होती जी मला लिहितानाच चटका लावून गेली होती: खडकवासला फुटल्यामुळे शहराचा नेहमीचा पाणीपुरवठाच तुटला. पुरात बुडालेल्या गावाला नंतर प्यायला पाणी मिळेना. ही गोष्ट मी आठव्या परिच्छेदात टाकली होती! ती उचलून वर आणली: ‘पूर ओसरला, पण नळाला पाणी नव्हतं: पुणे, जुलै १९६१’. लेखातला एक शब्दही बदलला नव्हता.

इथे एक कामाची गोष्ट सांगते. १९९४ साली जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने कुतूहलावर एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं की कुतूहल अज्ञानातून येत नाही. आपल्याला थोडं माहीत असतं आणि अचानक मधली फट दिसते, तेव्हा ते जागं होतं. हे वाचल्यावर माझा दुसरा एक अपयशी मथळा मला उलगडला: ‘कात्रज नळाचे उच्छ्वास’. मला तो शब्द फार आवडतो, अजूनही. पण ज्याने तो ऐकलेलाच नाही त्याला फट दिसणार कुठून? त्याच्यापुढे नुसती भिंत उभी. उलट शनिवारवाडा सगळ्यांना माहीत, कात्रजला सगळे बसने जाऊन आलेले, मधलं अंतर सगळ्यांना अंदाजाने ठाऊक. ‘कात्रजचं पाणी शनिवारवाड्यात कसं पोचायचं?’ यात माहीत असलेल्या दोन टोकांच्या मध्ये फट आहे. उच्छ्वास दुसऱ्या परिच्छेदात भेटतात, आणि तिथे वाचक त्यांच्यावर प्रेम करायला तयार असतो.

‘नाही’ कापलं गेलं तर?

हा बिघाड खास आपल्या भाषेचा आहे. मोबाइलवर शीर्षकाला जागा किती, तर एक-दोन ओळी. गूगलच्या निकालातही अक्षरं मोजून नव्हे, रुंदी बघून शीर्षक तोडलं जातं आणि पुढे तीन टिंबं येतात. मराठीत क्रियापद शेवटी. नकार तर त्याच्याही शेवटी. म्हणजे कात्री चालली की पहिला बळी ‘नाही’चा.

सोसायटीत हे प्रत्यक्ष घडलं. सूचना होती ‘टाकीच्या दुरुस्तीमुळे बी विंगला येत्या शनिवारी सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत पाणी येणार नाही’. फोनवर वरच्या पट्टीत दिसलं: ‘टाकीच्या दुरुस्तीमुळे बी विंगला येत्या शनिवारी सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत पाणी येणार…’ बी विंगमधले एक आजोबा खुशीत होते की चला, सात ते दोन सलग पाणी. शनिवारी सकाळी साबण लावून बसल्यावर त्यांना उरलेला शब्द कळला.

उपाय सोपा आहे, फक्त सवय मोडावी लागते. नकार सांगणारा शब्द पुढे घ्या: ‘पाणी बंद: बी विंग, शनिवार, सकाळी ७ ते दुपारी २’. बातमीत हे चालतं. लेखात इतकं तुटक बरं दिसत नाही, तेव्हा तिथे मी बाकीचं शीर्षक कागदाने झाकल्यासारखं करून पहिले चार-पाच शब्द वेगळे वाचून बघते. तेवढ्यातच विषय कळतो का, आणि मुख्य म्हणजे उलटा तर कळत नाही ना? ‘पुण्याच्या ऐतिहासिक वारशाचा विचार करता असे म्हणावेसे वाटते की’ अशी सुरुवात असेल तर पुढे काय आहे ते देवालाच ठाऊक, वाचकाला नाही.

यात अर्धवट वाचण्याचा धोका तुम्हाला वाटतो त्याहून मोठा आहे. २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतल्या संशोधकांनी ट्विटरवरच्या बातम्यांच्या दुव्यांचा अभ्यास केला. लोकांनी पुढे पाठवलेल्या दुव्यांपैकी ५९ टक्के एकदाही उघडले गेले नव्हते. म्हणजे पाठवणारा पाठवतो, घेणारा अंगठा देतो, आणि लेख बंदच राहतो. अशा वेळी गावभर जे फिरतं ते तुमचं शीर्षक. ते एकटं वाचलं तरी खरं असलं पाहिजे.

बदललं, पण जुनंच दिसतंय

ही निव्वळ तांत्रिक भानगड, पटकन उरकते. एका पानाला बहुधा तीन शीर्षकं असतात: पानावर मोठ्या अक्षरात दिसणारं, ब्राउझरच्या टॅबवर आणि शोधात जाणारं, आणि लिंक शेअर केल्यावर पूर्वदृश्यात (प्रिव्ह्यूत) येणारं. आपण पहिलं बदलतो आणि बाकीची दोन जुनीच राहतात. तिन्ही बघा. शिवाय गूगल तुमचंच शीर्षक दाखवेल याची खात्री नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी पद्धत बदलल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून पानावरचा मोठा मथळाही ते जास्त वेळा वापरतात. तिन्ही एकमेकांशी जुळती असली तर ही ढवळाढवळ कमी होते.

फेसबुक जुनं पूर्वदृश्य साठवून ठेवतं. त्यांच्या शेअरिंग डीबगर नावाच्या साधनात पत्ता टाकून पान नव्याने वाचायला लावता येतं. व्हॉट्सॲपवर आधीच पाठवलेला संदेश मात्र तसाच राहतो. ती गोष्ट सोडून द्या.

आणि पत्ता. शीर्षक देवनागरीत असलं की पानाचा पत्ताही आपोआप देवनागरीत तयार होतो, आणि तो कुठे चिकटवला की टक्क्याच्या चिन्हांची भलीमोठी माळ होते. कारण देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. एकाचे नऊ. वीस चिन्हांचा पत्ता १८० अक्षरांचा. अशी लिंक बघून माझ्या मावशीने ‘हा व्हायरस आहे, उघडू नका’ असं साऱ्या खानदानाला कळवलं होतं. पत्ता रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांचा, हाताने द्या. तो एकदा दिला की शीर्षक कितीही वेळा बदला, पत्त्याला हात लावू नका. जुना पत्ता बदलायचाच असेल तर त्यावरून नव्याकडे कायमचं वळण (रीडायरेक्ट) लावून ठेवा, नाहीतर आधी फिरलेल्या सगळ्या लिंका मेल्या.

थक्क झालो नाही

मधल्या काळात वैतागून मी एक पाप केलं. शहरातल्या एका जुन्या विहिरीवरच्या लेखाला नाव दिलं: ‘पुण्यातल्या या विहिरीचं रहस्य ऐकून थक्क व्हाल!’ उघडला, भरपूर लोकांनी उघडला. रहस्य काय, तर विहिरीला दुहेरी जिना आहे. रात्री एका निवृत्त शिक्षकांचा संदेश आला: “वाचला. थक्क झालो नाही. जिन्याची माहिती चांगली आहे.” बस्स. त्यानंतरच्या दोन लेखांना ते आलेच नाहीत. ते माझे सगळ्यात जुने वाचक होते.

असल्या मथळ्यांचं शास्त्र एकेकाळी फार जोरात होतं. २०१२ मध्ये सुरू झालेलं अपवर्दी नावाचं अमेरिकी संकेतस्थळ एका मजकुरासाठी २५ मथळे लिहायला लावायचं आणि त्यातले काही वाचकांवर तपासून बघायचं. त्या तपासण्यांची माहिती पुढे संशोधकांना मिळाली, आणि २०२३ मध्ये सुमारे १,०५,००० मथळ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी लांबीच्या मथळ्यात नकारात्मक शब्द एकाने वाढला की उघडण्याचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात निघालं. हे ऐकून कोणी लगेच ‘भीषण’, ‘धक्कादायक’ शिंपडायला निघेल, म्हणून हिशेब करून ठेवते: आधी १०० जण उघडत असतील तर आता १०२. दीडशे जणांच्या ग्रुपात ही वाढ कोणाला दिसणारही नाही. विश्वास गेलेला मात्र लगेच दिसतो.

मघाशी म्हटलं होतं की लोक उघडून लगेच मागे फिरतात हा वेगळा प्रकार, तो हाच. फेसबुकने ऑगस्ट २०१४ मध्ये जाहीर केलं होतं की दुवा उघडल्यावर माणूस तिथे किती वेळ थांबतो हे ते बघणार, आणि गेल्या पावली परतत असेल तर तसले दुवे कमी दाखवणार. यंत्राला जे कळलं ते आमच्या मास्तरांना एका वाक्यात कळलं होतं.

पण म्हणून भिऊन पुन्हा ‘एक दृष्टिक्षेप’कडे जायची गरज नाही. ‘पूर ओसरला, पण नळाला पाणी नव्हतं’ यातही नकार आहे, ओढ आहे. फरक इतकाच की लेख उघडल्यावर ते तिथे सापडतं.

तरी पुन्हा का होतं

इतकं सगळं कळूनही दर तिसऱ्या लेखाला मी जुन्या वळणावर जात होते. एकदा सगळ्या शीर्षकांसमोर ते कधी सुचलं हे लिहून काढलं. फसलेली बहुतेक सगळी रात्री अकरानंतरची, लेख संपवून, थकून, स्वतःवर खूश होऊन, आत्ता टाकूनच झोपू अशा घाईत ठेवलेली. त्या वेळी मला आख्खा लेख माहीत असतो. मला प्रत्येक शब्द अर्थपूर्ण वाटतो, कारण टेकू द्यायला मी स्वतः उभी असते. आणि एवढ्या कष्टाला साजेसं भारदस्त नाव हवं असं वाटतं. ‘एक दृष्टिक्षेप’ रात्री अकरा वाजताच सुचतो. सकाळी चहाच्या वेळी तो कोणालाही सुचणार नाही.

म्हणून आता लेख सुरू करण्याआधी, मला स्वतःला ज्या प्रश्नामुळे तो लिहावासा वाटला तो प्रश्न वहीत, बोलीभाषेत, एका ओळीत लिहून ठेवते. लेख संपल्यावर त्याच ओळीवरून शीर्षक करते, आणि लेख सकाळपर्यंत टाकत नाही. सकाळी व्हॉट्सॲप उघडून आदल्या रात्रीचे दहा संदेश बघते आणि माझं शीर्षक त्यांच्यामध्ये ठेवून वाचते. वर ‘सुप्रभात’चं फूल, खाली कुणाची हरवलेली किल्ली. तिथे ते टिकलं तर टिकलं.

आणि शेवटची चाचणी तळजाईच्या टेकडीवर. सकाळी फिरायला एक काका बरोबर असतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, जन्म शुक्रवार पेठेतला, आणि खोटं कौतुक करण्याची त्यांना सवय नाही. लेख काय आहे ते सांगायचं नाही, फक्त शीर्षक म्हणायचं आणि चालत राहायचं, असा माझा नियम आहे. मागच्या आठवड्यात सारसबागेवरचा लेख तयार होता; तिथल्या गणपतीला सगळं पुणं ‘तळ्यातला गणपती’ म्हणतं.

“काका, ‘सारसबाग : इतिहास आणि वर्तमान’.”

“बरं,” काका म्हणाले, आणि कुत्र्याला हाकलायला वळले.

पन्नास पावलं गेल्यावर वहीतली ओळ म्हटली. “काका, ‘तळ्यातल्या गणपतीभोवती तळं का नाही?’”

काका थांबले. काठी टेकून उभे राहिले. “अगं हो की. जन्मभर तळ्यातला गणपती म्हणतोय आपण.” मग पर्वतीच्या पायथ्याचं ते तळं, वडिलांकडून ऐकलेल्या गोष्टी, बाग व्हायच्या आधी तिथे काय होतं, असं बराच वेळ बोलत राहिले. त्यातल्या दोन गोष्टी मी घरी येऊन लेखात घातल्या, आणि दुपारी लिंक पाठवली.

दुसऱ्या दिवशी विचारलं, “वाचलात का?”

“काय वाचायचंय त्यात,” काका म्हणाले, “सगळं तर मीच सांगितलं तुला.”